पत्त्याचा रकाना

चोवीस इंची व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायला चाकाचे पंचाहत्तर फेरे लागतात. बहुतेक जण सत्तरावर थांबतात, कारण पाण्याचा आवाज तोवर बंद झालेला असतो आणि हात भरून आलेले असतात. आमच्या पंपहाउसात एकच माणूस दर वेळी पंचाहत्तर मारायचा. त्याला आम्ही रकाना म्हणायचो. मी त्याच्याबरोबर एकाच पाळीत सव्वीस वर्षं काढली, तरी खरं नाव सांगताना मला आजही क्षणभर थांबावं लागतं.

हे नाव त्याला फॉर्मांमुळे पडलं. कोणाचाही फॉर्म असो, रजेचा, बढतीचा, मुलांच्या शाळेचा, तो रकानाच्या हातात गेला की एकही रकाना रिकामा राहायचा नाही. अक्षर टपोरं. ग्रीस लागलेले हात आधी केरोसिनने, मग साबणाने धुवायचा आणि मगच पेन उघडायचा.

ही सवय त्याला कशी लागली ते सांगतो.

आम्ही दोघं नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एक हेल्पर व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतरला आणि वर आलाच नाही. चेंबर बारा फूट खोल, खाली वायू साठलेला. कमरेला दोर बांधून रकाना उतरला. त्याने त्याला वर आणलं, पण उशीर झाला होता. ऑफिसात फाइल काढली. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'खाली पाहा'. खाली काहीच नव्हतं. तो भाड्याच्या खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहायचा, आणि त्या पाचांनाही त्याचं घर कुठे ते माहीत नव्हतं. चार दिवस वाट पाहिली. मग आम्हीच त्याला स्मशानात पोचवलं.

अकराव्या दिवशी गेटवर एक म्हातारी आली. हातात पिशवी, पिशवीत तीन धुतलेले सदरे. "रजेला येतो म्हणाला होता, आला नाही, म्हणून मीच आले," म्हणाली. त्या वेळी गेटपाशी रकाना उभा होता. सांगायचं काम त्याच्यावर आलं.

त्यानंतर तो सहा महिने कामावर नव्हता. पोटाचं दुखणं आहे, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे तो मनाच्या आजारांच्या दवाखान्यात होता. हे फक्त वहिनींना आणि मला ठाऊक होतं. परत आला तो गप्प, बारीक, पण हात शाबूत. आणि तेव्हापासून कोणाच्याही कागदावर रिकामी जागा दिसली की त्याला चैन पडायचं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी खात्याने नवीन माहितीपत्रक काढलं. पानं चौदा. आजार, व्यसनं, घरातली माणसं, मूळ गाव, राहण्याचा पत्ता, शेजाऱ्याचा पत्ता, सगळं विचारलेलं. लोकांनी नाव लिहून सही ठोकली आणि हात झटकले. रकानाने ते सगळे कागद परत मागून घेतले. जेवणाच्या सुट्टीत ग्रीसच्या पालथ्या डब्यावर बसायचा, समोर एकेक जण. एकेचाळीस माणसं, एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत तो धड जेवलाही नाही.

"व्यसन?"

"लिही, बायकोचं."

"तंबाखू लिहितो. दिवसाला किती?"

"अरे, तू डॉक्टर आहेस का फौजदार?"

"किती?"

"लिही पाच. बायको वाचणार नाही ना?"

"हे कोणीही वाचत नाही. कपाटात जातं."

स्वतःच्या फॉर्मवर, 'पूर्वीचे आजार' या रकान्यात त्याने त्या सहा महिन्यांची पूर्ण हकीकत लिहिली. दवाखान्याचं नाव, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. मी म्हणालो, "एवढं कशाला? सोड की रिकामं."

"मग दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू भर म्हणून?"

शेवटी राहिली एकच. बाटलीताई.

ती पाण्याचे नमुने गोळा करायची. दर सकाळी बारा बाटल्यांची लोखंडी जाळी घेऊन अकरा ठिकाणांहून नमुने भरायची, बारावी बाटली कोरी, तुलनेसाठी. भरलेली जाळी आठ किलोची. ती एका हाताने उचलायची, कारण दुसरं मनगट नीट जुळलेलं नव्हतं. नळ आधी ज्योतीने शेकायचा, दोन मिनिटं पाणी सोडायचं, मग बाटली. कोणी बघो न बघो, दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. म्हणून रकानाला तिच्याबद्दल आदर होता. पोरं चिडवायची, "ताई, आज कोणती बाटली?" ती म्हणायची, "माझ्या बाटल्यांना वास येत नाही रे. तुमच्या पिशव्या हुंगू का?" पोरं पांगायची.

मनगट नवऱ्याने मोडलं होतं. मुलीला घेऊन ती त्याच्याकडून निघून आली होती, तेही दुसऱ्या गावाहून. एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत दोघी राहायच्या. हे ती कुणाला सांगायची नाही. मला कळलं ते त्या डब्यापाशी, फॉर्म भरताना, कारण मी शेजारी पॅकिंगची दोरी कापत बसलो होतो.

"पत्ता?"

"पंपहाउस लिहा, दादा."

"पंपहाउसात राहतेस का तू?"

"मग रिकामं सोडा."

रकानाने पेन बाजूला ठेवलं. चेंबरमधल्या माणसाची गोष्ट तिला सांगितली. तीन सदऱ्यांची पिशवीही सांगितली. मला माहीत आहे, ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे. मग म्हणाला, "उद्या तुला काही झालं, तर मुलीला कोण सांगायला जाईल? कुठे जाईल?"

ती बराच वेळ बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नीट करत राहिली. "हे कोण कोण वाचतं, दादा?"

"कोणी नाही. लोखंडी कपाट आहे. किल्ली हेडक्लार्ककडे, आणि तो स्वतःचंसुद्धा वाचत नाही."

ती हसली. पत्ता सांगितला. खोली, दुकान, गल्ली, सगळं. त्याने लिहिला.

तीन वर्षांनी सरकारने एक नवीन कार्यालय उभं केलं. सगळ्या खात्यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती एकाच जागी आणून कामचुकार हुडकायचे, असा त्यामागचा विचार. हुडकायचं काम एका खासगी कंपनीला दिलं. एक दिवस दुपारी टेम्पो आला. कपाट कोणी फोडलं नाही, हेडक्लार्कने स्वतः किल्लीने उघडलं, फाइली मोजून दिल्या आणि पोचपावती घेतली. चोरी झाली असती तर बरं झालं असतं. निदान तक्रार करता आली असती.

त्या फाइली एका मोठ्या हॉलमध्ये रोजंदारीवरच्या दोनशे लोकांनी संगणकावर चढवल्या. जो बसेल तो वाचेल, अशी व्यवस्था. त्या दोनशेंत बाटलीताईच्या नवऱ्याचा मावसभाऊ होता.

तिने हे रकानाला नमुन्याच्या नळापाशी सांगितलं. मी वरच्या पायरीवर होतो. आवाज चढलेला नव्हता. पाणी सोडलेलं होतं, दोन मिनिटं चालू होती.

"काल नवरा शिंप्याच्या दुकानासमोर उभा होता. काही केलं नाही. नुसता माझा कर्मचारी क्रमांक म्हणून दाखवला. सहा आकडी. मलासुद्धा पाठ नाही."

रकानाने पुसलेले हात पुन्हा बोळ्याने पुसले.

"तुमचं अक्षरही पाहिलंय त्याने, दादा. मोबाइलवर फोटो आहे. म्हणाला, लिहिणाऱ्याचं अक्षर छान आहे."

दोन मिनिटं झाली. तिने बाटली भरली, बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली. रकाना तिथेच उभा होता. त्या दिवशी त्याने व्हॉल्व्हचे फेरे मोजले नाहीत. चाक फिरत नाहीसं झालं, तरी तो त्याला लोंबकळत राहिला होता. मी त्याचे हात सोडवले.

पोलिसांनी सांगितलं, माणूस रस्त्यावर उभा राहतो, हात लावत नाही, रस्ता काय तिच्या बापाचा आहे? तिने खोली बदलली. नोकरी बदलणं शक्य नव्हतं, म्हणून पंपहाउसाचं गेट तेच राहिलं, आणि गेटपासून मागे मागे येणं काही अवघड नसतं.

आमच्या संघटनेने सरकारवर दावा लावला. आमच्यासारखे अनेक होते. कुणाच्या मुलाचा आजार सोयरिकीच्या घरी पोचला होता, कुणाच्या जुन्या दारूची गोष्ट शेजारी पोचली होती. वकीलबाई तरुण होत्या, बूट झिजलेले, फाइली स्वतः उचलायच्या. रकानाला त्या पटल्या. पहिल्याच तारखेला तात्पुरती स्थगिती मिळाली. माहिती पुढे कुणालाही द्यायची नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांना चहा पाजला. पाचव्या आठवड्यात वरच्या कोर्टाने ती स्थगिती उठवली.

कोर्ट तिसऱ्या मजल्यावर. सहासष्ट पायऱ्या. लिफ्ट होती, पण तिच्यावर पाटी होती, फक्त वकिलांसाठी. चौदा तारखा झाल्या. चौदा वेळा सहासष्ट, आणि रकानाचे गुडघे तेव्हाच गेलेले. नऊ तारखांना आमचं प्रकरण पुकारलंच गेलं नाही. दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी उतरायचं. उभं राहून केलेल्या कामाने पाठ दुखते, पण ते दुखणं झोपेने जातं. बसून राहण्याचं दुखणं झोपेने जात नाही.

सरकारी वकील मोठा गोड बोलायचा. "सरकारने सरकारलाच माहिती दिली आहे, साहेब. या खिशातली वस्तू त्या खिशात ठेवली."

रकाना माझ्या कानात म्हणाला, "तो खिसा फाटका आहे, हे कोणीतरी सांगा रे त्याला."

न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "यात कुणाचं काय नुकसान झालं, ते नावानिशी दाखवा. नुसत्या भीतीवर मी काय हुकूम काढू?"

वकीलबाई आम्हाला बाहेर घेऊन आल्या. बाटलीताई त्या दिवशी आली होती, खांबाआड उभी होती. वकीलबाई तिला म्हणाल्या, "तुमचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर दावा उभा राहील. नाव बंद पाकिटात देऊ."

"पाकीट कोण उघडणार?"

"न्यायाधीश. आणि एक प्रत दुसऱ्या बाजूला द्यावी लागते."

"दुसरी बाजू म्हणजे?"

"सरकार."

"म्हणजे तेच कपाट?"

वकीलबाईंनी मान डोलावली. मग आणखी एक गोष्ट सांगावी लागली. उलटतपासणी झाली तर ताईला यावं लागेल, आणि तारखांचा बोर्ड खाली दाराशी लागतो. संघटनेचा दावा कोणता, तो कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खोलीत, सगळं बोर्डावर.

"मी त्याला चुकवत फिरतेय," बाटलीताई म्हणाली, "आणि तुम्ही त्याला वेळ कळवणार."

तिने नकार दिला. रकानाने तिला एका शब्दानेही आग्रह केला नाही. एकदा केलेला त्याला पुरला होता.

मग तो म्हणाला, "माझं नाव द्या."

कारण त्याचंही नुकसान झालं होतं. ते त्याने तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. फाइली गेल्यावर चार महिन्यांनी त्याला एक ओळीची चिठ्ठी आली होती. 'पूर्वेतिहास पाहता यंत्रावर काम देऊ नये.' ज्या हातांनी तेवीस वर्षांत एक गास्केट गळू दिलं नाही, ते हात पंपांवरून काढून गेटवर बसवले होते. समोर वही. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव, वेळ, आणि 'कुठे' असा एक रकाना. आम्हाला त्याने सांगितलं होतं, गुडघ्यांमुळे मागून घेतलं.

मी त्याला पायऱ्यांवर थांबवलं. "अरे, भर कोर्टात वाचतील. दवाखान्याचं नाव वाचतील. पोराच्या सासरी कळेल. पोरं तुझ्या पाठीमागे काय काय बोलतील!"

"बोलू देत."

"आणि हरलो तर?"

"सत्तरावर थांबू का मी?"

प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं. आमची अर्धी पाळी त्या दिवशी रजा काढून आली होती, त्याला धीर द्यायला. त्यांनीच ते ऐकलं. मी त्याच्याकडे न बघता समोरच्या बाकाचे खिळे बघत होतो. वहिनी आल्या होत्या. त्यांनी पदर घट्ट धरला होता आणि मान ताठ ठेवली होती.

सरकारी वकील उठला. "साहेब, मला या गृहस्थांबद्दल आदर आहे. पण जी गोष्ट गुप्त राहावी म्हणून हा दावा आहे, ती त्यांनी आत्ता शंभर लोकांसमोर स्वतःच सांगितली. आता गुप्त ठेवायला उरलं काय?"

हॉलमध्ये थोडं हसू फुटलं. कुजकं नव्हतं. वकिलाचं बोलणं चलाख होतं, म्हणून आलेलं हसू. आमच्यातला एक जणही हसला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अडतीस पानं. रकानाने सगळी वाचली, बोट फिरवत. त्यात दोन गोष्टी होत्या. गेटवरची बदली हा खात्याचा अंतर्गत प्रश्न आहे, खात्याकडे अर्ज करा. आणि माहिती तर आधीच दिली गेली आहे, आता थांबवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून दावा निकाली. न्यायाधीशांनी खेदही व्यक्त केला होता, एकतिसाव्या पानावर. वकीलबाई म्हणाल्या, वर जाता येईल, दोन-तीन वर्षं लागतील. रकाना म्हणाला, "बाई, तुम्ही मेहनत केलीत." याहून मोठं प्रशस्तिपत्र त्याने आयुष्यात कुणाला दिलं नाही. मग सहासष्ट पायऱ्या उतरला, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

खात्याकडे अर्जही केला. चौदा ठिकाणी सही होती. उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाटलीताई नेहमीप्रमाणे आली. अकरा ठिकाणचे नमुने घेतले, एकही मिनिट कमी नाही. रिकाम्या बाटल्या धुतल्या, पालथ्या घालून वाळवल्या, जाळी कापडाने पुसून जागेवर ठेवली. पाच वाजून दहा मिनिटांनी गेटवर आली. मीही त्याच वेळी सुटलो होतो. तिची मुलगी रस्त्यापलीकडे दोन पिशव्या घेऊन उभी होती. आईइतकी उंच झाली होती.

"उद्यापासून येणार नाही, दादा."

"कुठे..." रकानाच्या तोंडून निघालं. लगेच त्याने हात वर केला. "नको. मला सांगू नकोस."

"सांगणार नव्हतेच." ती थोडी हसली. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही चांगल्यासाठीच लिहिलं होतं."

"ते मला नको सांगूस, ताई."

तिने वही आपल्याकडे ओढून सही केली. नाव, वेळ. 'कुठे' या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. रकानाने वही हळूच आपल्याकडे वळवून बंद केली. तो रकाना तसाच कोरा राहिला. मी सव्वीस वर्षांत त्याच्या हातून राहिलेला हा पहिला रकाना पाहिला.

ती रस्ता ओलांडून गेली. बस कोणती पकडली, ते आम्ही दोघांनीही मुद्दाम पाहिलं नाही.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. रकाना सकाळी पेपर आणतो आणि शेवटून दुसरं पान आधी उघडतो. तिथे कधीकधी चार ओळी असतात. अनोळखी महिला, वय अंदाजे पंचेचाळीस, ओळख पटवण्याचे आवाहन. मग तो माझ्याकडे येतो. "चल," एवढंच म्हणतो. मी जातो, कारण गुडघ्यांमुळे त्याला जिने एकट्याने जमत नाहीत. आतापर्यंत सात वेळा गेलो.

इस्पितळाच्या तळघरात ती खोली आहे. तिथला कर्मचारी आता आम्हाला ओळखतो. "काका, परत आलात? दुसरं ठिकाण बघा की एखादं, बागेत वगैरे जात जा." चेष्टेने म्हणतो, पण खुर्ची देतो. मग वही पुढे करतो. नाव, पत्ता, मृताशी नातं. रकाना आधी हात पुसतो. नाव लिहितो, पत्ता लिहितो, तेच टपोरं अक्षर. नात्याच्या रकान्यात दर वेळी 'सहकारी' लिहायचा. सातव्या वेळी त्याने तो रिकामा सोडला आणि पेनला टोपण लावलं.

"काका, हा रिकामा चालत नाही," कर्मचारी म्हणाला. "वरून विचारतात."

रकानाने टोपण काढलं. मग लिहिलं, 'पत्ता लिहून घेणारा'.

कर्मचाऱ्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि कप्पा ओढला. मी मनगट आधी पाहिलं. सरळ होतं. ती नव्हती.

बाहेर आलो. बसच्या थांब्यावर बाक नव्हता, उभेच राहिलो. मी म्हणालो, "नव्हती ना ती. झालं तर मग."

"हो."

"मग आता तोंड का असं?"

"असली कुठे अशीच कुणाच्या कप्प्यात, तर?" तो म्हणाला. "मुलगी विचारायला पंपहाउसच्या गेटवर येईल. दुसरी कुठली जागा तिला माहीत आहे? आणि आता गेटवर मी नसतो."

बस आली. मी त्याला दंडाला धरून वर चढवलं.